थर्मोस्टॅट मी काढणार नाही

बारकीचं तोंड एक दिवस तिला घरी बसवणार, ही धास्ती आईच्या मनातून कधी गेलीच नाही.

लोकांना वाटायचं, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या मुलीची आई म्हणजे तिला वाफेची भीती असणार, उकळत्या पाण्याची, जॅक सटकण्याची. तीही होतीच. पहिल्याच वर्षी तापलेल्या रेडिएटरचं झाकण घाईनं उघडून बारकीनं उजवा हात कोपरापर्यंत भाजून घेतला होता. तो डाग अजून आहे. पण भाजल्यावर मलम लागतं, खपली धरते आणि एक दिवस पडते. तोंडामुळे माणसं तुटली की काय लावायचं, ते आईला ठाऊक नव्हतं. बारकीला मात्र गप्प बसणं म्हणून माहीत नव्हतं. चौथीत असताना बाईंनी फळ्यावर भागाकार चुकवला, तेव्हा ही उठून थेट फळ्यापाशी गेली आणि म्हणाली, "बाई, खडू द्या जरा." संध्याकाळी शाळेतून बोलावणं आलं. तिथून आईची जी बोलावणी सुरू झाली ती झालीच.

जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची, म्हणून बारकी. आता आईपेक्षा वीतभर उंच झाली, एका हातानं बॅटरी उचलून ठेवते, तरी नाव तेच राहिलं. वडील गेले तेव्हा ती अकरावीत होती. आई कॉलेजच्या प्रयोगशाळेत साहाय्यक. बावीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, बर्नर पेटवले आणि विझवले. मुलीनं निदान पदवी घ्यावी एवढी एकच इच्छा. बारकीनं डिप्लोमाला नाव घातलं आणि दुसऱ्या वर्षी सोडलं.

"कागदावरची इंजिनं कधी बिघडतच नाहीत, आई. मी शिकू काय त्यांच्याकडून?"

आईनं डोक्याला हात लावला, आठवडाभर अबोला धरला, आणि मग स्वतःच कॉलेजची बस ज्या गॅरेजमध्ये जायची तिथल्या मालकांना जाऊन भेटली. मालक भला माणूस. केस पांढरे, बोटं काळी, बोलणं कमी. त्यांनी बारकीकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुमच्या शब्दाखातर घेतो, ताई. महिनाभर बघू. मला वाटतं पंधरा दिवसांत आपणहून पळेल."

त्याला सहा वर्षं झाली.

ती गल्लीच गॅरेजांची. एका बाजूला पत्रे ठोकणारा डेंटर, त्याच्या पलीकडे टायरवाला, समोर बॅटरीवाला. सगळ्यांची दुकानं अर्धी आत, अर्धी रस्त्यावर. जमीन वर्षानुवर्षांच्या ऑइलनं काळी आणि गुळगुळीत झालेली. या गल्लीत बारकीचं नाव पडलं मास्तरीण. कारण गाडी समोर आली की ती आधी प्रश्न विचारायची आणि मगच बॉनेटला हात लावायची.

"गाडी तापते," गिऱ्हाईक म्हणायचं.

"कधी तापते?"

"तापते म्हणजे तापते हो."

"उभी असताना की चालताना? सपाटीवर की चढावर? एसी लावल्यावर की तसाही? सकाळी पाणी कमी झालेलं दिसतं? खाली जमिनीवर ओल असते?"

"मी गाडी दाखवायला आलोय की परीक्षेला बसायला?"

मग डेंटर शेजारून हातोडी थांबवून ओरडायचा, "उत्तरं पाठ करून या साहेब! नापास झालात तर मास्तरीण बॉनेट उघडत नाही!"

पण तापणाऱ्या गाड्या हळूहळू तिच्याकडेच यायला लागल्या. झाकणाला ती आता सगळ्यात शेवटी हात लावायची, तोही गाडी पार थंड झाल्यावर. आधी हाताच्या मागच्या बाजूनं रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, चाचपायची, मग खालचा. वरचा चटका देतोय आणि खालचा गार, म्हणजे पाणी फिरत नाहीये. ऑइलची पट्टी ओढून बघायची. ऑइल दुधासारखं दिसलं तर ऑइल आणि पाणी वेगळं ठेवणारं हेड गॅस्केट गेलं, तिथं चेष्टामस्करी बंद. बाजूच्या टाकीत बुडबुडे येताहेत का, रेडिएटर सगळीकडे सारखा तापतोय की मधेच गार पट्टा आहे, जाळीत किडे आणि धूळ किती बसलीय. जाळी धुवायची ती इंजिनाच्या बाजूनं बाहेर. बाहेरून पाइप मारला तर घाण आणखी आत दडपते, हे तिनं गल्लीत निदान शंभर वेळा सांगितलं असेल.

रात्रीचं जेवण हे दोघींचं गप्पांचं ठिकाण. बारकी सांगायची आणि आईच्या डोक्यात बावीस वर्षांची प्रयोगशाळा जागी व्हायची. दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या पुढं जाऊनही उकळत नाही, म्हणून झाकणाची स्प्रिंग सैल झाली की गाडी लवकर उकळते, हे आईनंच तिला कुकर समोर ठेवून समजावलं होतं. एकदा बारकीनं कुठल्याशा जुन्या रेडिएटरमधून खरवडलेला पांढरा थर कागदाच्या पुडीत बांधून आणला. आईनं त्यावर लिंबाचे चार थेंब पिळले. फसफसलं.

"क्षार. कुणीतरी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलंय."

"मी त्या माणसाला हेच सांगितलं, तर म्हणतो, पाणी ते पाणी!"

"मग?"

"मग म्हटलं, उद्यापासून तुम्ही समुद्राचं प्या."

आईला हसू यायचं आणि त्याच घासाला ती डोळेही वटारायची. असं बोलतात का गिऱ्हाइकाशी?

आता या गल्लीची एक रीत होती. गाडी तापते अशी तक्रार आली आणि तासाभरात कारण सापडलं नाही, की थर्मोस्टॅट काढून टाकायचा आणि पंखा डायरेक्ट करायचा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची छोटी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती मिटलेली राहते, गरम झालं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. ती काढली की वाट कायमची मोकळी. आणि पंखा डायरेक्ट म्हणजे मधले स्विच, रिले सगळे तोडून दोन वायरी सरळ जोडायच्या. चावी फिरवली की पंखा सुरू. सगळी गल्ली हेच करायची, मालकही तीस वर्षं हेच करत आले होते, आणि बऱ्याच गाड्या तेवढ्यावर गुमान चालायच्याही. बारकीला हे मुळीच पटायचं नाही.

"ताप आला म्हणून थर्मामीटर फोडायचा का, काका?" ती मालकांना विचारायची. मालक सुरुवातीला हसायचे. पुढं पुढं हसेनासे झाले.

आणि मग ती व्हॅन आली.

डायलिसिसच्या पेशंटना घरून घेऊन रुग्णालयात सोडायचं आणि परत आणायचं, असं काम करणाऱ्या सहा व्हॅन होत्या. सहाही मालकांकडेच यायच्या. त्यातली एक चालवणारी बाई पन्नाशीची, आवाज असा की हॉर्न न वाजवता रस्ता मोकळा व्हावा. गल्लीत सगळे तिला व्हॅनवाल्या ताई म्हणायचे. रुग्णालय रुळांच्या पलीकडे, मधे लांबलचक चढाचा पूल. त्या पुलावर ताईंची व्हॅन तापायची. एकदा तापली, बारकीनं रेडिएटर उतरवून धुतला. पुन्हा तापली, तिनं पंप खोलून पाती बघितली, होज दाबून पाहिले, झाकण बदललं. तिसऱ्यांदा तर ऐन पुलाच्या मध्यावर वाफ आली. आत चार पेशंट, उन्हात अर्धा तास. त्यांतले एक आजोबा तर सीटवरच आडवे झाले होते.

"गाडीत बसून जीव वाचवायला निघालेली माणसं आहेत ही," ताई म्हणाल्या, "आणि माझ्याच गाडीत मरायची वेळ आली."

तो बुधवार. दुपारी एक वाजताच बारकी घरी आली. हात धुतले, ताट वाढून घेतलं, खाली मान घालून जेवली. आईची अर्ध्या दिवसाची रजा होती. बारकीला असं भरदुपारी दारात बघितल्यापासून ती कधी एकदा ताट रिकामं होतं याची वाट बघत होती.

"काय झालं?"

"काका म्हणाले, थर्मोस्टॅट काढ आणि गाडी दे. मी म्हटलं, काढणार नाही. पातेल्यात उकळून बघितलाय, बरोबर वेळेला उघडतो. त्याचा काही दोष नाही."

"मग?"

"म्हणाले, इथं मालक कोण आहे? म्हटलं, तुम्हीच. म्हणून तर म्हणते, तुम्ही काढा. थर्मोस्टॅट मी काढणार नाही."

"सगळ्यांसमोर?"

"डेंटर होता. टायरवाला होता. ताई होत्या. बॅटरीवाला चहा प्यायला आला होता."

"म्हणजे सगळी गल्ली."

"म्हणाले, घरी बस, अक्कल आली की ये. म्हटलं, आली की येते."

आई खुर्ची ओढून बसली. सहा वर्षं. कोणती दुसरी जागा या मुलीला ठेवून घेणार होती? शहरातल्या गॅरेजांमध्ये बायका किती, तर ही एक. बाकी सगळ्या ठिकाणी बारकीनं आधी विचारून पाहिलंच होतं. एका ठिकाणी म्हणाले होते, काउंटरला बसा, गिऱ्हाइकांना चहा विचारा. हात काळे करायची परवानगी देणारं हे एकच दार होतं, आणि तेही आईच्या शब्दावर उघडलेलं.

"एक छोटासा व्हॉल्व्ह काढून दिला असतास तर काय बिघडलं असतं?"

"गाडी पुन्हा तापली असती. आणि पुढच्या वेळेला तापली ती माझ्या हातून गेलेली असती."

आईनं तिचं ताट उचलून मोरीत ठेवलं. बारकी कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. गुरुवारी तिनं घरातले दोन्ही नळ खोलून परत बसवले, खरं तर ते गळत नव्हते. शुक्रवारी कपाटाची बिजागरं काढली. पण सारखी एकच गोष्ट तोंडात. उभी असताना गाडी तापत नाही. तासभर चालू ठेवली तरी तापमानाचा काटा मधेच. रस्त्याला लागली की तापते. पंखा खराब असता तर उभी असताना तापली असती, कारण चालताना वारा समोरून मिळतोच. आणि पंखा तर डायरेक्ट केलेला, चांगला गरगर फिरतोय, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलाय. मग पाणी फिरत नसेल म्हणावं, तर पंप चांगला. पाणीही फिरतंय, पंखाही फिरतोय, आणि तरी.

शुक्रवारी दुपारी बाहेर वारं सुटलं होतं. आईनं कुकर लावला, एग्झॉस्टचा पंखा सुरू केला. तीन शिट्ट्या झाल्या आणि स्वयंपाकघर वाफेनं भरून गेलं.

"आई, पंखा चालू आहे ना?"

"आहे की. आवाज येतोय बघ."

"मग वाफ बाहेर का जात नाही?"

"समोरून वारा येतोय ना. पंखा बाहेर ढकलतोय, वारा आत ढकलतोय. लागलीय दोघांची झुंज."

"जिंकतंय कोण?"

"कोणीच नाही. बघ, पडदासुद्धा हलत नाहीये."

बारकी पडद्याकडे बघत राहिली. हातातलं बिजागर तिनं ओट्यावर ठेवलं. मग एकदम मोठ्यानं हसली, आणि आईनं विचारलं तर सांगेना. "काही नाही, काही नाही. तू भात काढ."

शनिवारी सकाळी मालकांचा फोन आला. आईलाच.

"ताई, तुम्ही आणून सोडली होती, तुम्हीच घेऊन या. पोरगी चारचौघांत बोलली, चारचौघांत माफी मागू दे. माझ्याकडून विषय संपला. मलाही बरं वाटत नाहीये हो, पण माझीही काही इज्जत आहे की नाही?"

आईनं रिक्षात सगळी तयारी करून घेतली. "दोनच शब्द म्हणायचे. काका, चुकले. बास. त्याच्यापुढं पूर्णविराम. पण नाही, परंतु नाही, तरीसुद्धा नाही."

"बरं."

"म्हणून दाखव."

"काका, चुकले."

"बघ, जमतंय की."

गॅरेजमध्ये व्हॅन तयार उभी होती. मालकांनी स्वतःच थर्मोस्टॅट काढला होता. तो कामाच्या टेबलावर पान्यांच्या शेजारी पडला होता. ताई गाडी न्यायला आल्या होत्या. डेंटरनं काम थांबवलं, टायरवाला उंबऱ्यापाशी येऊन टेकला. माफीची बातमी गल्लीत आधीच पोचली होती. आईनं बारकीला कोपरानं हळूच ढोसलं.

"काका, चुकले," बारकी म्हणाली.

मालकांचा चेहरा सैल पडला. आईनं निघायला म्हणून पर्स काखेत मारली.

"बुधवारीच बघायला हवं होतं. माझ्या लक्षात आलं नाही, चुकलंच. आई, कागद आहे का गं एखादा?"

आईनं डोळे मिटले. पूर्णविराम गेला. पर्समध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांची जुनी चिठ्ठी होती, ती तिनं काढून दिली. नाही म्हणून उपयोग नव्हता, हे तिला सत्तावीस वर्षांच्या अनुभवानं कळत होतं.

बारकी आधी शेजारच्या एका गाडीपाशी गेली. ती चालूच होती, पंखा फिरत होता. तिनं चिठ्ठी पुढच्या जाळीपाशी धरली आणि सोडली. चिठ्ठी जाळीला चपकन चिकटून बसली.

"पंखा रेडिएटरच्या मागं असतो. समोरून हवा आत ओढतो. म्हणून कागद चिकटतो. आता ताई, तुमची गाडी चालू करा."

ताईंनी चावी फिरवली. पंखा गरगरला. बारकीनं तीच चिठ्ठी व्हॅनच्या जाळीपाशी धरली आणि सोडली. ती फडफडत उडाली आणि थेट डेंटरच्या छातीवर जाऊन आपटली.

डेंटरनं चिठ्ठी छातीवरून काढून हातात धरली.

"पंखा उलटा फिरतोय," बारकी म्हणाली. "डायरेक्ट करताना वायरी उलट्या जोडल्या गेल्यात. उभी असताना हवा कुठूनही जावो, थोडीफार थंड होतेच. गाडी पळायला लागली की समोरून वारा आत येतो आणि पंखा त्याला बाहेर ढकलतो. दोघांची झुंज. रेडिएटरमधून हवा जातच नाही. त्यात पुलाचा चढ. थर्मोस्टॅट बिचारा फुकट बदनाम झाला."

"अहो ताई," डेंटर चिठ्ठी उलटसुलट करत म्हणाला, "म्हणजे तुमची गाडी इतके दिवस समोरून येणाऱ्याला वारा घालत होती!"

ताई खो खो हसल्या. टायरवाला हसला. मालक हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे काम माझ्याकडचं नाही," ते म्हणाले. "बाहेर कुणीतरी वायरींना हात लावलाय."

तिथं बारकीनं गप्प बसायला हवं होतं. तिनं बसावं म्हणून आईनं तिच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की दुसरी कुणीही असती तर बसली असती.

"टेप तुमची आहे, काका. तुम्ही टेप डावीकडून गुंडाळता आणि शेवटचं टोक दुमडून आत घालता. गल्लीत दुसरं कुणी दुमडत नाही. मलाही तुम्हीच शिकवलंय."

मालकांनी बारकीकडे पाहिलं, मग आईकडे. "सरळ कर," एवढंच म्हणून ते मागच्या खोलीत निघून गेले.

बारकीनं वायरी सरळ केल्या, थर्मोस्टॅट परत बसवला, झाकण उघडं ठेवून पाणी भरलं, हीटर लावला, आणि बुडबुडे संपेपर्यंत हलली नाही. मग तिघी व्हॅन घेऊन पुलावर गेल्या. आई मागच्या सीटवर, पेशंट बसतात तिथं. तिथून काटा दिसत नव्हता. तिला फक्त बारकीची मान दिसत होती, काट्याकडे वाकलेली. चढ संपला, उतार लागला, तेव्हा ती मान सरळ झाली.

"मधे," बारकी म्हणाली. "जागचा हलला नाही."

परतताना ताईंनी आपला नंबर आईच्या फोनमध्ये टाकून दिला. "ही पोरगी फोन उचलत नाही, तुम्ही ठेवा. आणि बरं का, आमच्या आणखी दोन गाड्या पुलावर अशाच गरम होतात. ड्रायव्हर म्हणतात, ऊनच जास्त आहे यंदा."

"त्यांचे पंखे कधी डायरेक्ट केले?" बारकीनं विचारलं.

"सगळ्यांचे एकाच आठवड्यात केले की. तुझ्या आईचं डोळ्याचं ऑपरेशन होतं बघ, तू नव्हतीस तेव्हा."

बारकीनं बोटांवर मोजलं: एक सरळ झाली, राहिल्या पाच.

रविवारी जेवणं आटोपली आणि मालकांचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षा मऊ.

"ताई, झालं ते झालं. मुलगी हुशार आहे, मी कुठं नाही म्हणतो? उद्यापासून येऊ दे. फक्त एक सांगा तिला. त्या बाकीच्या व्हॅनचं तिनं काढू नये कुणाकडे. सहा गाड्यांचं काम आहे, एका फोनवर हातचं जाईल. माझ्याकडे येतील तशा मी गुपचूप बघून घेईन एकेक."

"बरं," आई म्हणाली. तिला एकदम हलकं वाटलं. जागा वाचली होती.

आईनं निरोप सांगितला, बारकीनं ऐकून घेतला.

"येतील तशा म्हणजे कशा? पुलावर उकळून येतील तशा?"

"अगं, बघतो म्हणाले ना ते."

"आई, उद्या पहाटे पाचला त्या गाड्या निघतात. ताईंचा नंबर दे."

"नाही देणार."

"मग मी रुग्णालयाच्या फाटकावर उभी राहते."

"फाटकावर येईपर्यंत त्यांनी पूल ओलांडलेला असेल."

"म्हणून तर नंबर मागतेय."

"आणि जागा? सहा वर्षं घासलीस तिथं. एकदा, फक्त एकदा गप्प बसता येत नाही का तुला? तो माणूस वाईट नाहीये. तुझा हात भाजला तेव्हा स्वतः गाडीत घालून डॉक्टरकडे नेलं होतं त्यांनी!"

"मी कुठं म्हटलं वाईट आहेत? ते चांगले आहेत आणि पंखा उलटा आहे. दोन्ही खरं आहे." बारकी उठली. "गेली जागा तर गेली. मी रस्त्यावर बसून गाड्या बघेन. पण मला ठाऊक असूनही कुणी पुलावर उकळलं, तर मी कुठल्याच गॅरेजात उभी राहायच्या लायकीची नाही."

ती वाळलेले कपडे काढायला गच्चीवर निघून गेली. जिन्यावर तिची पावलं दण दण वाजत राहिली. आईनं फोन उचलला आणि पिठाच्या डब्यामागं ठेवला, जणू बारकी लहान आहे आणि फोन म्हणजे खाऊ आहे. स्वतःचंच तिला हसू आलं. मग आलं नाही.

तिला व्हॅनमधली ती मागची सीट आठवली. रेक्झिनवर एका ठिकाणी गोल खळगा पडला होता, रोज तिथंच कुणीतरी डोकं टेकत असणार. डायलिसिसहून परतणाऱ्या माणसाला दोन पायऱ्या उतरणं म्हणजे डोंगर. पुलाच्या मधोमध त्यानं उतरून कुठं जायचं?

प्रयोगशाळेतली एक गोष्ट आईनं आजवर कुणाला सांगितली नव्हती. फार वर्षांपूर्वी विभागाच्या सरांनी एका आम्लाच्या बाटलीवर भलतीच चिठ्ठी लावली होती. तिच्या ते सकाळीच लक्षात आलं. सरांना चारचौघांत कसं सांगायचं, म्हणून ती दिवसभर त्या कपाटाजवळ रेंगाळली, कुणी बाटलीला हात लावू नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसली, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर गुपचूप चिठ्ठी बदलली. कुणाला काही झालं नाही. सरांची इज्जत राहिली. त्या समजूतदारपणाचा तिला किती वर्षं अभिमान होता! दिवसभरात मधे दोनदा तिला कार्यालयात बोलावलं होतं, कपाट उघडंच होतं, तेवढा वेळ काय काय होऊ शकलं असतं, हे तिनं कधी मोजलं नव्हतं. आज, स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पहिल्यांदा मोजलं.

तिला वाटलं, बारकीचं तोंड तिला घरी बसवेल म्हणून आपण इतकी वर्षं घाबरलो. आपलं तोंड मिटलेलं राहिलं, त्यानं कुणाला काय केलं असतं, ते आपण कधी विचारलंच नाही.

आणि मालक? ते चिडतील. चिडू देत. शब्द तिनं टाकला होता, तर परतही तीच घेईल. पोरीनं फोन केला तर पोरगी कृतघ्न ठरेल. आईनं केला तर म्हणतील, म्हातारीला काय कळतंय. म्हणेनात का. बी.एस्सी. झालेल्या म्हातारीला हवा कुठून कुठं जाते एवढं नक्की कळतं.

तिनं पिठाचा डबा सरकवला, फोन काढला, पदराला पुसला. ताईंचा नंबर शोधला. जिन्यावरून बारकी कपड्यांचा ढीग कवटाळून खाली येत होती, ढिगावरून फक्त डोळे दिसत होते.

"ते कपडे टाक तिथं आणि इथं बस," आई म्हणाली. "बाकीच्या पाचही गाड्यांचं सांगायचं ना? मी बोलते. वायरींचं काही चुकलं तर मधे बोल, एरवी गप्प राहा."

आणि तिनं फोन लावला.